झाडाखालची एकच जागा

फाटकाला कडी नव्हती, दोरीचा फास होता. तो सोडवायला दोन हात एकदम पुढे आले... एक बसमधून उतरून चालत आलेल्या धाकटीचा, दुसरा सायकलवरून आलेल्या माणसाचा.

"आधी तुम्ही."

"नको, तुम्हीच... माझ्या हाताला वंगण आहे."

खरंच होतं, नखांच्या कडांना. तो सायकली दुरुस्त करतो हे तिला नंतर कळलं. हात छान आहेत, हे लगेच.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी. नळांच्या दुकानात कामाला, तोंडाने फटकळ. गेल्या सुट्टीत दादा-वहिनीने तंबू ठोकायला जी जागा निवडली, तिथे रात्रभर जनरेटर धडधडत होता आणि ओढ्यात प्लास्टिकच्या ताटल्या तरंगत होत्या. एका बदकाच्या पायात पिशवी अडकलेली बघून भाची हमसून हमसून रडली. यंदा तिने फर्मानच काढलं, "आपल्यामुळे कोणाचं वाईट होणार नाही, अशाच ठिकाणी जायचं. आणि जागा आत्या बघेल."

तर आत्या जागा बघायला आली होती. निदान फाटकापर्यंत तरी जागाच बघत होती.

मग जागेची मालकीण आली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केसांत गवताची काडी. आणि ती मेली काडीसुद्धा शोभत होती.

"या ताई! आणि तुम्ही सायकलवर? एवढा चढ? कमाल आहे हं!"

त्याला कमाल आणि हिला ताई! धाकटीने तिथल्या तिथे ठरवलं, या जागेत खोट काढायचीच.

खोट पहिली: पाणी

धुण्याभांड्यांचं पाणी लव्हाळ्यांच्या वाफ्यातून गाळून झाडांना जात होतं. धाकटीने एकूण एक नळ पिळून पाहिला, वाकून पाहिला, ठोकून पाहिला. एकही गळेना. आयुष्यभर गळके नळ बघणाऱ्या बाईला ऐन वेळी एक गळका नळ मिळू नये!

खोट दुसरी: संडास

पाणी नाही, वर मूठभर लाकडाचा भुसा टाकायचा, पुढे त्याचं खत. धाकटी नाक फुगवून आत गेली. आत सुताराच्या दुकानासारखा वास. चिडून बाहेर आली, तर सायकलवाला आणि बूटवाली भुशाच्या पिंपाशी उकिडवे बसलेले, डोक्याला डोकं लावून, खिदळत.

भुशात हसण्यासारखं काय असतं?

"काय हो, एवढं काय विनोदी आहे त्यात?"

"या विचारत होत्या, साखळीचं तेल गवतावर सांडणार नाही ना?" तो म्हणाला. "मी म्हटलं, साखळीखाली बशी धरून झोपेन."

बूटवाली पुन्हा हसली. बशी काही इतकी विनोदी नव्हती.

(ओळख अर्ध्या तासाची, हक्क जन्माचा. हसू नका. तुमचंही कधीतरी झालं असेल.)

खोट तिसरी:

सापडली नाही. पक्षीसुद्धा सुरात ओरडत होते.

मग बूटवालीने गवत दाखवलं. दोरी लावून चौकोन आखले होते, काही हिरवे, काही पिवळट. "तंबू पडला की खालचं गवत दबतं. म्हणून कोणी राहून गेलं की त्या जागेला विश्रांती. तुम्ही दोघं एकाच आठवड्याचं म्हणताय... तेव्हा एकच जागा मोकळी आहे. ही, झाडाखालची."

एकच!

धाकटीला डोळ्यांसमोर सगळं दिसलं. संध्याकाळ. हे झाड. तो. बूट. बशी.

"मी घेते!" ती इतक्या जोरात म्हणाली की झाडावरचा पक्षी उडाला.

"घ्या ना," तो म्हणाला. हसला, पण ओढूनताणून. "मी बघतो दुसरीकडे कुठेतरी."

बूटवालीने तिच्या हातात लाकडी खुंटी दिली. जागा ठरली की इथे खुंटी रोवायची. जिंकली धाकटी. पण खुंटी काही रोवली नाही.

तो फाटकाकडे निघाला. बूटवालीकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. वळून पाहिलं ते हिच्याकडे, एकदा. मग दोरी सोडवत राहिला. उतरलेली साखळी चुटकीसरशी बसवणाऱ्या माणसाला एक फास सुटेना...

धाकटी खुंटीसकट धावली.

"थांबा! ही जागा... मी गवतासाठी नाही घेतली."

"मग?"

"तुम्ही इथे राहू नये म्हणून घेतली."

"का? मी काय केलं?"

"हसलात."

"कोणाशी?"

"कोणाशी म्हणजे... माझ्याशी नाही!"

त्याचे कान लाल झाले. "तुमच्याशी बोलायला दोनदा आलो होतो मी. तुम्ही नळातून डोकं वर काढाल तर शपथ! शेवटी भुशाकडे गेलो." दोरीशी चाळा करत तो म्हणाला, "त्या नळाचा इतका राग आला ना मला..."

नळाचा! धाकटीला एकदम सगळे नळ आवडले.

"माझा तंबू एकट्यापुरता आहे," तो हळूच म्हणाला. "तुमच्या तंबूशेजारी सहज मावेल. पण..."

"पण नियम आहे," मागून बूटवाली. "एका जागेवर एकाच घरची माणसं. गवताला गर्दी सोसत नाही. तुम्ही दोघं एकाच घरचे का?"

"नाही," तो म्हणाला.

"अजून नाही," धाकटी म्हणाली.

आणि मग आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं. जमीन दुभंगेल तर बरं... पण इथली जमीन जपलेली. दुभंगते कशाला!

बूटवालीने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग बुटात खोचलेली दुसरी खुंटी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "रोवा. फक्त जाळ करायचा नाही. इथे बंदी आहे."

खुंटी ठेवताना तिची बोटं जरा जास्तच रेंगाळली, असं धाकटीला वाटलं.

"जळायला बंदी आहे म्हणे," ती पुटपुटली, आणि खुंटी त्याच्या हातातून काढून घेतली. "आणा इकडे. मी रोवते."

तिच्या बोटांना वंगण लागलं. तिने पुसलं नाही.