एकोणिसाव्या खाटेवरची शेजारीण

रघोजी तंजावूरला निघाला तो खोकल्याच्या औषधाची एक बाटली आणायला. दुसरं काही नाही. बायको कमलाक्षी चार दिवस खोकत होती. तिरुवैयारूच्या कंपाउंडरची लाल बाटली संपली, खोकला संपला नाही. तेव्हा मोठ्या गावी जाऊन मोठी बाटली घ्यावी आणि बाराच्या आत परत येऊन जेवावं, एवढाच बेत.

गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या एसटीडीच्या टपऱ्या उगवल्या, घरोघरी रंगीत टीव्ही आले आणि माणसं उगाचच घाईत आली, त्या सुमाराची ही गोष्ट. मार्गळीचा, म्हणजे तिकडच्या थंडीचा महिना, सकाळी नदीवर धुकं. साथ ओरत्तनाडूकडून आली म्हणे. आधी तिकडची गावं खोकायला लागली, मग तंजावूर, मग तिरुवैयारू. पेपरात तिचं लांबलचक नाव छापून येई. रघोजीला वाचता येत नव्हतं. तो तिला खोकलाच म्हणे.

हा रघोजी केळीची पानं विकायचा. चाळीस वर्षं पानांचे भारे घेऊन त्यानं तंजावूरची बस धरली होती, आणि एका बाबतीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बस थांबायच्या आत खांद्यावरचा पंचा खिडकीतून असा फेकायचा, की तो नेमका रिकाम्या जागेवर पसरे. ज्याचा पंचा त्याची जागा. त्या मुलखात हा कायदाच आहे. मोठा मिरासदार असला तरी दुसऱ्याच्या पंच्यावर बसायचा नाही. त्या दिवशीही त्यानं बायकोला खिडकी मिळवून दिली, आणि शेजारी बसून वाटभर ड्रायव्हरला, रस्त्याला आणि सरकारला शिव्या दिल्या.

तळ्याकाठच्या धर्मादाय इस्पितळात पोचल्यावर मात्र त्याच्या तोंडाचा पट्टा थांबला. आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. कडुलिंबाखाली माणसं, पायऱ्यांवर माणसं, व्हरांड्यात चटया टाकून माणसं. आत एकेका खाटेवर दोघी दोघी, एकीचं डोकं दुसरीच्या पायाशी. फिनेलचा वास, नीलगिरीच्या तेलाचा वास, कुणाच्या तरी डब्यातल्या मिरी-रसमचा वास. आणि खोकला. एक थांबला की दुसरा, दुसरा थांबायच्या आत दहा.

तरणा डॉक्टर तीन दिवस घरी गेला नव्हता, शर्टाच्या कॉलरवरून कळत होतं. त्यानं कमलाक्षीच्या पाठीला नळी लावली, दोनदा ऐकलं.

"आजोबा, बाटलीचं विसरा. दोन्हीकडं भरलंय. यांना ऑक्सिजन लागेल."

"मग लावा की! माझ्या तोंडाकडं काय बघता?"

"सिलिंडर आहे. खाट नाही. व्हरांड्यापर्यंत नळी पोचत नाही." मग जमिनीकडं बघत म्हणाला, "संध्याकाळपर्यंत खाट मिळाली तर बरं होईल."

कमलाक्षीचे ओठ जांभळ्या वांग्यासारखे झाले होते. तरी तिनं शेजारच्या चटईवरच्या बाईला गाव विचारलंच. तिला बोलायला माणूस लागायचं. गाव ऐकून घेण्याइतका दम मात्र उरला नव्हता.

रघोजी उठला. बायकांच्या वॉर्डाच्या दारात वॉर्डबॉय आडवा उभा. तेव्हा तो इमारतीला बाहेरून वळसा घालायला लागला, एकेका खिडकीत डोकावत, अगदी बसकडं बघावं तसं. भर दुपार, बाराचं ऊन. शेवटच्या खिडकीतून त्याला एक खाट दिसली. भिंतीला लागून. रिकामी. शेजारच्या खाटेवर दोघी, खाली जमिनीवर तिघी, आणि ही खाट रिकामी! रघोजीनं विचार केला नाही. चाळीस वर्षांची सवय. खांद्यावरचा पंचा काढला, गजांमधून हात घातला आणि फेकला.

नेम चुकला नाही. पंचा हवेत उलगडला, खाटेवर उतरला.

पण सपाट पडला नाही.

मधोमध उंच राहिला. गुडघे उभे करून कुणी निजलं असावं, आणि त्या गुडघ्यांवर तो अलगद टेकला असावा, तसा. दोन उंचवटे आणि मध्ये झोळ. रघोजीनं डोळे चोळले. खाली गादी दिसत होती. पंच्याच्या खाली नुसतं ऊन होतं.

"उशी असेल," तो स्वतःला म्हणाला. उशी खाटेच्या डोक्याशी होती, तीही त्याला दिसत होती.

वॉर्डबॉयला ढकलून तो आत शिरला. नर्स कनकलता, जाडजूड, तोंडाला फडकं बांधलेली, धावत आली. तिकडं आजोबांना ताता म्हणतात.

"ताता, ती खाट नको. एकोणीस नंबर."

"का? सोन्याची आहे?"

"तिथं कुणी टिकत नाही. जिला निजवावं ती तासाभरात खाली उतरते. म्हणते..." तिनं आवाज उतरवला. "म्हणते, आधीच कुणीतरी आहे."

"पंचा टाकलाय मी. आजवर माझ्या पंच्यावर कुणी बसलं नाही."

"पंच्यावर नाही, ताता. खाली."

रघोजी खाटेपाशी गेला. जवळ गेल्यावर गारवा लागला, भरलेल्या मातीच्या मडक्याशी गाल नेल्यासारखा. आजूबाजूच्या बायका खोकायच्या थांबल्या. तो कडेला टेकला. आणि त्याच्या डाव्या कानाशी, इतक्या जवळ की केस हलले, कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं,

"आळ् इरुक्कु..."

म्हणजे, इथं माणूस आहे. बसमध्ये जागा विचारली की बायका असंच सांगतात.

रघोजीच्या मानेपासून टाचेपर्यंत काटा आला. पळून जावं असं त्याच्या पायांनी ठरवलंसुद्धा. पण खिडकीतून व्हरांडा दिसत होता. कमलाक्षी भिंतीला टेकली होती आणि पाण्याबाहेरच्या माशासारखं तोंड उघडत होती.

"माणूस आहे तर सरकून बसावं!" तो ओरडला. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "सबंध खाट अडवून बसलात ती? बाहेर बायका फरशीवर मरताहेत, दिसत नाही? इथं दोघी दोघी निजतात. तुम्ही काय राणीसाहेब लागून गेलात? माझी बायको एवढीशी आहे. अर्धी खाट पुरे तिला. कड द्या मला... कड तरी द्या."

शेवटचं वाक्य भांडणाचं राहिलं नव्हतं.

वरचा पंखा कुरकुरत फिरत होता. बाकी काही हललं नाही. मग खाटेच्या स्प्रिंगा करकरल्या. गादीच्या मधोमध एक खळगा होता, तो हळूहळू भिंतीकडं गेला. पंच्याचे उंचवटे बसले. पंचा सपाट झाला, अर्ध्या खाटेवर.

कनकलता "मुरुगा, मुरुगा" असा देवाचा धावा करत होती. रघोजीनं कपाळ पुसलं. "बघत काय उभी राहिलीस, पोरी? सिलिंडर आण."

कमलाक्षीला खाटेच्या कडेला निजवलं, नाकाला नळी लावली. तिन्हीसांजेपर्यंत ओठांचा रंग जरा माणसात आला. आणि तेव्हा रघोजीला पहिल्यांदा ऐकू आलं. कमलाक्षी खोकली. लगेच तिच्या पाठीमागून, भिंतीच्या बाजूनं, दुसरा खोकला आला. कोरडा, जुना. पुन्हा ती खोकली, पुन्हा तो आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हळू आवाजात बोलत होती. भिंतीकडं तोंड करून.

"कुणाशी बोलतेस गे?"

"शेजारणीशी. चांगल्या आहेत हो. फार वर्षं इथंच आहेत म्हणे, कुणी न्यायला आलंच नाही."

"तोंड इकडं कर. काही देऊ नकोस, काही घेऊ नकोस तिच्याकडनं."

"मी कशाला देऊ? त्याच म्हणाल्या, तू अर्धं खोक, अर्धं मी खोकते."

रघोजी स्टुलावर बसून राहिला. त्याला ते अर्धं आवडलं नाही. ज्यानं आज अर्धं उचललं तो उद्या अर्धं मागेल, असा त्याचा माणसांचा अनुभव. भुतांचा नव्हता. बायकोचा हात त्यानं घट्ट धरून ठेवला, आणि दर खोकल्याला कान देऊन बघत राहिला, कुणाचा मोठा, कुणाचा लहान.

तिसऱ्या दिवशी कमलाक्षीचा खोकला आखूड झाला. भिंतीकडचा वाढला. एकेकदा तर असा उठे, की खाट हले, आणि जमिनीवरच्या बायका देवाचं नाव घेत चटया लांब ओढत. डॉक्टर तपासायला आला. नळी लावली, ऐकलं, खूष झाला. तेवढ्यात कमलाक्षीचं तोंड बंद असताना मोठी उबळ आली.

"कोण खोकलं?" डॉक्टर दचकला.

"मी, सर," कनकलता म्हणाली.

"औषध घ्या, सिस्टर! असा खोकला बरा नव्हे."

"घेते, सर."

तो गेल्यावर तिनं तोंडावरचं फडकं सोडलं आणि पदर तोंडात कोंबून हसली. रघोजीही हसला. त्या वॉर्डात कित्येक दिवसांत कुणी हसलं नव्हतं. बायका आश्चर्यानं बघायला लागल्या, आणि मग, का कोण जाणे, त्याही हसल्या. भिंतीकडूनही काहीतरी खुदकलं.

पाचव्या दिवशी भर बाराला भिंतीकडचा खोकला थांबला. एकदम. पंखा तेवढा फिरत राहिला. रघोजीनं गादीवर हात फिरवला. गारवा नव्हता, खळगा नव्हता, नुसती गरम कापसाची गादी. त्यानं बायकोच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता, मऊ, सरळ. तेव्हा कुठं तो स्टुलावरून उठला, बाहेर जाऊन दोन कप कॉफी प्याला आणि कॉफीवाल्याशी पाणचट कॉफीवरून कडकडून भांडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सोडलं. एकोणीस नंबरवर ओरत्तनाडूच्या दोघी बहिणी निजवल्या, निमूट झोपी गेल्या. कनकलता फाटकापर्यंत पोचवायला आली. "ताता, परत येऊ नका," म्हणाली. इस्पितळात याला आशीर्वाद म्हणतात.

तिरुवैयारूच्या बसमध्ये कमलाक्षी अखंड बोलत होती. रघोजीला ती बडबड सनईसारखी वाटत होती, पण तसं सांगेल तो रघोजी कसला.

"ती तुझी शेजारीण," तो शेवटी म्हणाला, "गेली कुठं?"

"बरं वाटलं त्यांना. काल म्हणाल्या, आता मोकळं वाटतं, जाते."

"सुटली बिचारी. कुठं जाते म्हणाली?"

"त्यांना घर आठवेना हो. कुठलं गाव, कुठली गल्ली, काहीच नाही. इतकं वाईट वाटलं मला." कमलाक्षीनं पदरानं डोळा टिपला. "म्हटलं, मग आमच्याकडं जा. आम्ही दोघंच तर असतो."

"काय म्हटलंस?"

"पत्ता सांगितला. नीट समजावून. तेलाच्या घाण्यापासून डावीकडं, तिसरं घर."

आयुष्यात पहिल्यांदा रघोजीला शिवी सुचली नाही.

गल्लीत शिरले तेव्हा लख्ख ऊन होतं. पोरं गोट्या खेळत होती, कुणाच्या तरी टीव्हीवर जाहिरात गात होती. घराच्या दाराला पितळी कुलूप जसंच्या तसं. रघोजीला हायसं वाटलं. "बघ, कुणी नाही," तो म्हणाला. किल्ली फिरवली, कुलूप निघालं, त्यानं दार ढकललं.

दार उघडेना. खांदा लावला. आतून कडी होती.

मागचं दार त्यानं स्वतः आडणा घालून बंद केलं होतं. दुसरी वाट त्या घराला नव्हती.

"अहो, आरडाओरडा नका करू," कमलाक्षी हळूच म्हणाली, आणि दाराला तोंड लावून, पाहुण्याला उठवावं तशा आवाजात म्हणाली, "अक्का... आम्ही आलो."

आत कडी निघाली. सावकाश, गंजलेल्या लोखंडाचा आवाज करत. दार बोटभर मागं सरलं. आत अंधार होता, आणि त्या अंधारात, अगदी दाराशी, कुणीतरी श्वास घेतला. लांब, खोल, कुठंही न अडखळता.

रघोजी तो श्वास सुटायची वाट बघत पायरीवर उभा राहिला. समोरच्या टीव्हीवरची जाहिरात संपली, दुसरी लागली. श्वास अजून आतच जात होता.