चौदाव्या दिवशी दुरी आला

ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. मला फरक पडत नाही. ती पुस्तिका अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

मार्च १९८४. स्वित्झर्लंडच्या डोंगरातलं आमचं गाव. गुरुवार, संध्याकाळचे पाच.

माझे बाबा गावचे लष्करी नोंदणी अधिकारी. सक्तीची सैन्यसेवा लागू असलेल्या प्रत्येकानं पत्ता बदलला की चौदा दिवसांत आपली सैन्यसेवेची पुस्तिका घेऊन स्वतः त्यांच्यासमोर यायचं. कचेरी म्हणजे आमचं स्वयंपाकघर. दर गुरुवारी पाच ते सहा.

सगळ्यात चुकार म्हणजे दुरी. लाकूडतोड्या. खोल्या बदलायचा आणि महिनोन्महिने इकडे फिरकायचा नाही.

"मेलास तरी आधी मला येऊन कळव, गाढवा!" बाबा ओरडायचे.

"येईन की काका! सूप तेवढं तयार ठेवा," तो हसायचा.

फेब्रुवारीत तो कोसळत्या हिमकड्याखाली गाडला गेला. साथीदारांच्या डोळ्यांदेखत. खूप शोधलं. प्रेत मिळालंच नाही. महिनाअखेरीस घरमालकिणीनं त्याची खोली दुसऱ्याला दिली.

त्या गुरुवारी मी चुलीपाशी बार्लीचं सूप ढवळत होते. पाठ दाराकडे.

दार उघडलं...

पावलं वाजली नाहीत. गार वारा मात्र घोट्यांना लागला.

बाबांनी मान वर केली नाही. ते कधीच करत नसत. नुसता हात पुढे केला. "पुस्तिका."

टेबलावर काहीतरी ओलं पडलं.

"नवा पत्ता?"

कुणीतरी पुटपुटलं. बाबांनी लिहिलं. शिक्का मारला. मग सवयीनं मोठ्यानं वाचलं, "घर क्रमांक सतरा, वरची खोली... अरे, हे तर आपलं घर!"

मी वळले.

समोरची खुर्ची रिकामी. खाली पाण्याचं थारोळं. टेबलावर दुरीची पुस्तिका... बोटं चिकटतील इतकी गार.

त्याची खोली गेल्याला तो बरोबर चौदावा दिवस होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो वेळेत आला होता.

वरची खोली माझी होती. त्या दिवसापासून मी खालीच झोपते. वर कुणीतरी बूट काढतं. एक... आणि बऱ्याच वेळानं दुसरा.

"खोडा ना ती नोंद!" मी बाबांपुढे रडले.

"खोडता येत नाही, उर्सिना. जायचं असेल तर त्यानंच समोर यायला हवं. कायदा आहे."

बाबांचा इतका राग मला कधीच आला नव्हता. मग तेही दर गुरुवारी त्याची पुस्तिका मांडून वाट पाहत बसत. दुरी खाली उतरला नाही. पुढे बाबा गेले. ते पदही बंद झालं.

आता माझी मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन इथे राहायला येते आहे. तिला वरचीच खोली हवी.

म्हणून गेल्या गुरुवारी पाचला मी बाबांच्या खुर्चीत बसले. शिक्का काढला.

"दुरी, खाली ये. तुझं जाणं नोंदवते."

वर पलंग करकरला...

पावलं जिना उतरू लागली. शेवटून तिसऱ्या पायरीवर थांबली.

"नवा पत्ता?" मी पेन उचललं.

मग अगदी हळू...

"कुठे जाऊ, उर्सिना? तूच सांग."

मी पेन खाली ठेवलं. पावलं परत वर गेली.

मुलगी शनिवारी येते आहे. आज पुन्हा गुरुवार. पाचला दहा मिनिटं आहेत. मी सूप करून ठेवलंय. पत्त्याचा रकाना अजून कोराच आहे.