पाठ फिरवून उभी

“अहो, मागे बघा! घोडी सुटलीय!”

हातातली बादली पडली, सगळा भुसा स्वतःच्याच पायांवर सांडला, तरी भिंगरी ओरडतच होती. रिंगणाच्या मधोमध एक अनोळखी तरुण त्या मारकुट्या घोडीकडे चक्क पाठ करून उभा होता.

“सुटली नाही, मीच सोडलीय,” तो न वळता म्हणाला. “तुम्ही जरा हळू बोललात तर येईलसुद्धा.”

आणि ती खरंच आली... मान खाली घालून, तोंडात काही नसताना चघळत. त्याच्या खांद्यापाशी थांबली. सांडलेला भुसा भरायचं विसरून भिंगरी बघतच राहिली.

भिंगरी म्हणजे तबेल्याच्या मालकांची पुतणी. एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून काकांनीच ठेवलेलं नाव! तो घोड्यांना शिकवायला आलेला नवा माणूस. त्याला सगळे वस्ताद म्हणायचे. काकांनी त्याला बजावलं होतं, “महिनाअखेरपर्यंत या घोडीने पाठीवर खोगीर घेतलं तर ठीक, नाहीतर विकून टाकतो.”

वस्ताद चाबूक वापरत नसे. “कळपातली जाणती घोडी उनाड शिंगराला हाकलून देते,” तो सांगायचा. “त्याने मान खाली घातली, की समजायचं, याला परत यायचंय. मग ती पाठ फिरवते. म्हणजे... ये बाबा.”

“आणि नाहीच आलं तर?”

“तर थांबायचं. ते तुम्हाला जमायचं नाही.”

“तुम्ही थांबवून तर बघा,” ती बोलून गेली... आणि लाजून खरारा उचलून भलत्याच घोड्याला घासत सुटली.

दिवस सरत गेले तसा तिचा जीव टांगणीला लागला. घोडी शिकली नाही तर विकली जाणार, शिकली तर हा काम संपवून दुसऱ्या तबेल्यात निघून जाणार. इकडे आड, तिकडे विहीर! तबेल्यात कामं चुकायची. काका विचारायचे, “बरं आहे ना गं?” ती बादली उचलून पळ काढायची.

घोडीने शेवटी खोगीर घेतलं. काका खूश झाले. आणि दुसऱ्या सकाळी वस्तादाच्या खांद्यावर बॅग दिसली.

भिंगरीने मनात घोकलेलं एकही वाक्य ओठांवर येईना. ती तडक रिंगणात शिरली, त्याच्याकडे पाठ केली आणि उभी राहिली. ये ना बाबा... मागे पावलं वाजली. मानेवर ऊन श्वास आला. तिने डोळे मिटले —

फुर्र!

घोडी होती.

“वा!” कुंपणापलीकडून वस्ताद म्हणाला. “तुम्ही बोलावलंत आणि आली! आता माझी गरजच उरली नाही.”

तो फाटकाकडे वळला. भिंगरी अशी धावली की घोडीच बिचकून बाजूला झाली.

“तिला कोण बोलावत होतं?”

“मग?”

“तुम्हाला! जाऊ नका. मला तुम्ही आवडता. झालं, बोलले!”

वस्तादाचे कान लाल झाले. “दुसऱ्या तबेल्याला मी कालच नाही म्हणून सांगितलंय,” तो पुटपुटला. “सकाळपासून नुसता फाटकापर्यंत जातोय आणि परत येतोय. काकांना तुमच्याबद्दल विचारायचा... धीर होत नाहीये.”

भिंगरीने त्याच्या खांद्यावरून बॅग ओढून घेतली.

“ही माझ्याकडे राहू दे. तुम्ही काकांशी बोलून या.”