आजोबांची राखण

मावशीचं पातेलं परत करायचं होतं, एवढंच खरं तर मिरानचं काम होतं. रात्रपाळी संपवून ती इस्पितळातून निघाली तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. कोरियातल्या थेबेकच्या डोंगरांवर स्वच्छ ऊन पडलं होतं. घराघराच्या दारात दोरीवर मुळ्याचा पाला वाळत होता. तिच्या वॉर्डात सगळे जुने खाणकामगार, छातीत कोळशाची भुकटी साठलेले. रात्रभर त्यांचे श्वास ऐकल्यावर बाहेरची शांतता तिला नेहमी जरा खोटी वाटायची.

ओकबुन मावशी शहात्तर वर्षांची. बाजाराच्या गल्लीत एके काळी तिचा सायबर कॅफे होता, तीस कॉम्प्युटरचा. खाणी एकेक करून मिटल्या, पोरं गाव सोडून गेली, कॅफेही मिटला. बाकीची यंत्रं विकली गेली, पण चौदा नंबरचं मावशीने मागच्या खोलीत आणून ठेवलं होतं. त्याच्यावर ती पत्ते खेळायची आणि हरली की यंत्राला शिव्या घालायची.

“नर्सबाई, पातेलं रिकामंच आणलंस की काय?” मावशी बसल्या जागेवरून म्हणाली.

“उघडून तर बघा. बटाट्याचे गोळे आहेत, उकडलेले.”

“मीठ घातलंयस ना? गेल्या वेळी इस्पितळाचं जेवण वाटलं मला.”

उंबऱ्यापाशी मावशीचे रबरी जोडे होते, खोलीकडे तोंड करून. खाणीवरच्या घरांतली ही जुनी रीत. माणूस पाळीवर जमिनीखाली उतरला की घरची बाई त्याचे घरातले जोडे आतल्या बाजूला वळवून ठेवते. जोडे घराकडे बघत राहिले की माणूसही घराकडे येतो. मावशीचा नवरा एकतीस वर्षं खाली उतरला आणि शेवटी अंथरुणातच गेला. तो गेल्यावरही तिचा हात जोडे वळवतच राहिला. मिरानने मात्र आपले जोडे टोकं रस्त्याकडे करून काढले. मुद्दाम. खाणीतून परत न आलेल्या फिल्सूदादाच्या घरी त्याचे जोडे दोन आठवडे आतच बघत होते, ते तिने पाहिलं होतं.

“मावशी, आज बारा वाजता खोम्बावी बंद होणार,” ती म्हणाली. “कायमचं.”

मावशीने पत्त्यांचा डाव अर्ध्यावर टाकला आणि खुर्ची मोकळी केली.

खोम्बावी हा एक ऑनलाइन खेळ होता. अफाट डोंगर, दऱ्या, किल्ले, राक्षस, आणि हवं तिकडे भटकायची मोकळीक. बावीस वर्षांपूर्वी थेबेकच्या पोरांना त्याने वेड लावलं होतं. आणि तो इतका बिघडलेला होता की दुसरा कुठला माल असता तर गिऱ्हाइकाने दुकानदाराच्या तोंडावर फेकून मारला असता. झाडं जमिनीपासून हातभर वर तरंगायची. एक पांढरा घोडा सरायच्या छपरावर चढून बसला होता, त्याला कुणी उतरवू शकलं नाही. पण सगळ्यांत वाईट बग घंटाघरातल्या आजोबांचा.

हे आजोबा दर दोन तासांनी घंटा वाजवत, मग डावीकडे वळून घरी जात. निदान तसं अपेक्षित होतं. प्रत्यक्षात ते उजवीकडे वळत. तिथे भिंतीत एक माणूस मावेल एवढी फट होती, आणि फटीपलीकडे जमीन नव्हती, जमिनीचं नुसतं चित्र होतं. आजोबा त्यातून खाली पडत. काळोखात, सरळ. मग घंटा बंद, खिंडीचा दरवाजा बंद, निम्मं जग बंद. कंपनीला हजारो पत्रं गेली. दर वेळी उत्तर एकच, दोष तुमच्या यंत्रात असेल.

देशभरच्या खेळाडूंनी हात टेकले. थेबेकच्या नऊजणांनी टेकले नाहीत. म्हातारा माणूस जमिनीखाली जातोय हे बघत बसणं खाणकामगारांच्या पोरांना जमणारच नव्हतं. फिल्सूदादाने तोड काढली. तो त्या नऊजणांत थोरला, स्वतः खाणीत कामाला. आपल्यापैकी एकाने फटीत उभं राहायचं, म्हणाला. आजोबा त्याच्यावर येऊन आदळतील, जागच्या जागी पाय हलवतील आणि कंटाळून घरी जातील. खाणीसारख्याच तीन पाळ्या लावल्या त्याने. पाळी बदलायची रीतही ठरवली. नव्याने येणाऱ्याने लिहायचं, “मी आलो. तू वर जा.” सुटणाऱ्याने बाजूला होत लिहायचं, “जमीन घट्ट आहे.” आणि मगच जायचं.

घंटाघरासमोर एक शिळा होती. घंटा सलग किती दिवस वाजली तो आकडा तिच्यावर आपोआप चढायचा. दुसरीकडे कधी तो वीसच्या वर गेला नाही. थेबेकच्या पोरांनी तो पंधराशे बावीसवर नेला. चार वर्षं दोन महिने. बुसानहून, सोलहून लोक नुसते ती शिळा बघायला यायचे आणि फटीतल्या पहारेकऱ्याला वाकून नमस्कार करून जायचे.

पंधराशे बावीसाव्या दिवशी दुपारी चारला मिरानची पाळी होती. ती आली नाही. ती वोन्जू शहराच्या बसमध्ये होती, नर्सच्या मुलाखतीला निघालेली. गाव सोडायची लाज वाटत होती म्हणून कुणाला बोलली नव्हती. फिल्सूला स्वतःच्या खाणीतल्या पाळीला उशीर होत होता. त्याने आपलं पात्र तसंच फटीत उभं ठेवलं, मावशीला सांगितलं की मिरान येईल, तोवर चौदा नंबरला कुणी हात लावू नका, आणि तो पळाला. संध्याकाळी सहाला खाणीचं छत फिल्सूवर कोसळलं.

खाणीच्या तोंडावरही एक फलक होता, अपघाताविना गेलेल्या दिवसांचा. फिल्सू परवानगीशिवाय त्या बोगद्यात गेला, चूक त्याची, सबब हा खाणीतला अपघातच नव्हे, असं कागदावर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फलकावरचा आकडा एकने वाढलेला होता. एक माणूस ढिगाऱ्याखाली असताना कुणीतरी शिडी लावून, हाताने तो आकडा बदलला होता. मिरानने तो फलक तेव्हा पाहिला आणि अजून विसरलेली नाही.

चौदा नंबर मावशीने तसंच चालू ठेवलं. अकराव्या दिवशी वीज गेली आणि पडदा काळा झाला. त्यानंतर त्या खेळात मिरान कधी गेली नव्हती. आजोबा पडले असतील तर ते आपल्या पाळीत पडले, एवढं तिला ठाऊक होतं. ते डोळ्यांनी बघायची हिंमत अठरा वर्षांत झाली नाही. आज मात्र बघायला हवं होतं. खेळ बंद करताना कंपनीने निरोप धाडला होता. त्यात शेवटी एक ओळ होती, घंटाघराबद्दल खेळाडू जी तक्रार करत, तसा दोष आमच्या नोंदीत कधीही आढळलेला नाही.

“म्हणजे आम्ही चार वर्षं हवेला टेकू देत होतो,” मिरान म्हणाली.

“मेल्यांना लाज नाही,” मावशी म्हणाली आणि एक गोळा तोंडात टाकला.

पासवर्ड बोटांना आठवत होता. पडदा उजळला. झाडं तरंगत होती. पांढरा घोडा छपरावर होता, शेपटी हलवत. मिरानला हसू आलं. कोपऱ्यात आकडा होता, या प्रदेशातले खेळाडू: एक. ती एकटीच.

दगडी पायऱ्या चढून ती शिळेपाशी आली. शून्य दिसेल, फार तर सहा-सात दिसेल, अशी तिने मनाची तयारी केली होती.

शिळेवर होतं: आठ हजार एकशे तीन.

तिने मोबाइल काढून हिशेब केला. पुन्हा केला. पहिल्या दिवसापासून आजपर्यंतचे दिवस. एकही गळलेला नव्हता.

“म्हणजे कंपनी म्हणते ते खरं?” मावशीने विचारलं. “दोष नव्हताच?”

मिरानने घड्याळ पाहिलं. अकराला दोन मिनिटं होती. पडद्यावरचे आजोबा घंटेपाशी आले, तीच वाकलेली पाठ, तोच करडा अंगरखा. घंटा वाजली. जुन्या स्पीकरमधून तिचा नाद थोडा फाटका यायचा, पण आज तो खोलीच्या जमिनीतून आल्यासारखा वाटला. मावशीने पाय वर घेतले.

आजोबा वळले. उजवीकडे.

दोष होता. जसाच्या तसा होता. आजोबा भिंतीकडे चालत गेले, फटीत शिरले... आणि थांबले. पाय चालत होते. एक, दोन, एक, दोन, जागच्या जागी. छाती कशावर तरी टेकलेली. त्यांच्यासमोर फट मोकळी होती. पलीकडचं खोटं गवत आरपार दिसत होतं.

“तिथे कोण आहे गं?” मावशी हळूच म्हणाली.

“कुणी नाही, मावशी.”

“मग ते अडलेत कशाला?”

खोलीत वास यायला लागला होता. ओल्या दगडाचा, भिजलेल्या कोळशाचा, घामाने आंबलेल्या कापडाचा. दोघींनीही तो ओळखला. या गावात त्याला नाव विचारावं लागत नाही. पाळी सुटल्यावर दारातून आत येणाऱ्या माणसाचा वास.

मिरानने आपलं पात्र फटीच्या तोंडाशी नेलं आणि एक पाऊल आत टाकून पाहिलं. गेलं नाही. पुन्हा टाकलं. जागा भरलेली होती.

कोपऱ्यातला आकडा एकच दाखवत होता. तिने अक्षरं एकेक करून दाबली, अठरा वर्षं उशिराने.

“मी आले. तू वर जा.”

काही घडलं नाही. आजोबांचे पाय चालत होते. मग आजोबा एकदम अर्धं पाऊल पुढे ढळले, दार आतून कुणी उघडावं तसे. मिरानने विचार केला नाही. बोटांनीच केलं. तिचं पात्र फटीत घुसलं, वळलं आणि छातीने आजोबांना अडवून उभं राहिलं.

खाली एक ओळ उमटली. ओळीच्या आधी नाव असतं, ते नव्हतं.

“जमीन घट्ट आहे.”

मावशी रडत नव्हती. तिने नुसता हात पुढे करून पडद्याच्या कडेवरची धूळ पुसली, लहान मुलाचं नाक पुसावं तशी. “किती वर्षं झाली त्याला,” ती म्हणाली, “एकट्याला...”

आजोबा कंटाळून मागे फिरले आणि डावीकडून घरी गेले. मिरान जागची हलली नाही. फट मोकळी सोडायची नाही, हा नियम तिने एकदा मोडला होता. ती तासभर तिथेच उभी राहिली. मध्ये मावशीने तिला दोन गोळे भरवले. तिची मान ताठ होती. देशातल्या कुठल्याही खाणीच्या फलकावर नसेल असा आकडा समोरच्या शिळेवर होता, आणि तो कुणी शिडी लावून बदललेला नव्हता. तो थेबेकच्या माणसांनी उभं राहून कमावला होता. एकाने तर जरा जास्तच उभं राहून. नोंदीत दोष आढळणार कसा? आम्ही पडूच दिलं नाही त्यांना. तिने शिळेचा फोटो काढला. आठ साथीदारांपैकी जे जिवंत होते त्यांना, सोल, आन्सान, सिडनी, सगळीकडे पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

बाराला पडदा काळा झाला. ती फटीतच होती.

“चल, झोपायला जा आता,” मावशी म्हणाली. “डोळे बघ कसे झालेत.”

मिरान उंबऱ्यापाशी आली आणि थांबली.

तिचे जोडे वळलेले होते. दोन्ही नीट शेजारी, टोकं खोलीकडे, टाचा रस्त्याकडे. खाली उतरलेल्या माणसाचे ठेवतात तसे.

“मावशी, हे तुम्ही...?”

“मी तुझ्या शेजारून उठलेसुद्धा नाही.”

बाहेर ऊन होतं, गल्लीतून कुणी भाजीवाला ओरडत चालला होता. मिरान वाकली, हात पुढे केला, आणि मागे घेतला.

“राहू देत तसेच,” ती म्हणाली. “तुमच्या सपाता द्या मला.”

सपाता दोन बोटं लहान होत्या. ती तशीच फटक फटक करत घरी गेली. चालताना आपली मान अजून ताठ आहे हे तिला जाणवत होतं, आणि पाळी आता कुणाला द्यायची, हा प्रश्नही. नऊजणांत आता या गावात ती एकटीच उरली होती.

संध्याकाळी ती कामावर निघायच्या बेतात असताना मावशीचा फोन आला. आवाज अगदी खाली होता.

“मिरान, तुझे जोडे पुसून ठेवावेत म्हणून मी हात घातला गं...”

“मग?”

“आतून गरम आहेत. अजून कुणाच्या पायात असल्यासारखे.”