शुमकारचा मणी

काराकोलमध्ये बुरुलचाचं नाव होतं ते पाळीव प्राण्यांच्या चित्रांसाठी, आणि तिच्या आवडीनिवडीही गावभर ठाऊक होत्या. तिला सगळ्यांत आवडायचे तायगान, लांब तोंडाचे, केसाळ कानांचे शिकारी कुत्रे. तायगान तासन्‌तास एका जागी बसतो आणि चेहरा असा करतो, जणू याच्याच पोरीचं लग्न मोडलंय. त्याखालोखाल म्हाताऱ्या मांजरी. बोकड चालायचे, कारण बोकडाला आपल्या दाढीचा अभिमान असतो. पोपट घेऊन कोणी आलं तर ती चहा पाजून वाटेला लावायची. आणि ससा नाही म्हणजे नाहीच. "सशाला डोळे असतात, नजर नसते," ती म्हणायची. ती आधी डोळेच रंगवायची, आणि मग उरलेला प्राणी त्यांच्याभोवती उभा करायची.

तिच्या घरीही एक तायगान होता, शुमकार. म्हातारा, राखाडी, डाव्या कानाचं टोक तुटलेला. नवरा गेल्यापासून घरात बोलायला तेवढाच एक जीव होता, आणि हल्ली तो जेवणाकडे पाठ फिरवायला लागला होता. हाही गेला तर आपण भिंतींशी बोलायचं का, या विचाराने तिला झोप लागत नसे. त्याचं चित्र मात्र तिने कधीच काढलं नव्हतं. घरच्याला इतकं निरखून बघू नये, दृष्ट लागते, असं तिला मनापासून वाटे.

त्या दिवशी सकाळी त्याच्या पट्ट्याचा दोरा तुटला आणि त्यातला दृष्टमणी, काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, जमिनीवर घरंगळला. आल्यावर ओवू म्हणून तिने तो कोटाच्या खिशात टाकला. शेजारच्या माकिशला शुमकारकडे बघायला सांगितलं आणि ती सरोवराकाठच्या गावी निघाली. तिथल्या तुर्सुनबू आपांना चित्र हवं होतं. कशाचं, ते फोनवर धड कळलं नव्हतं. "माझ्या लाडक्या जिवाचं," एवढंच म्हातारी म्हणाली होती.

भरदुपार होती, पण सरोवरावरून आलेलं धुकं खिडक्यांना चिकटून बसलं होतं. आपांच्या सुनेने, सायकालने, दार उघडलं. आत ओल्या लोकरीचा आणि जळक्या चरबीचा वास होता. कोपऱ्यात लोकरीच्या जाजमावर काहीतरी बसलेलं होतं, आणि नव्या नवरीला झाकतात तसं त्याच्यावर पांढरं कापड टाकलेलं होतं. आपा त्याच्या शेजारी बसल्या होत्या.

"आलीस? बस. कोरुमदुक आणलंस ना?"

बुरुलचा ओशाळली. नवी सून, नवं बाळ, नवं वासरू पहिल्यांदा बघायचं तर बघणाराने काहीतरी हातावर ठेवायचं, हे तिला काय शिकवायला हवं होतं? आणि ती तर आली होती हात हलवत.

"आपा, कामाच्या गडबडीत राहिलंच. पुढच्या खेपेला देते."

"चित्र काढणारी तू, तुझ्याइतकं कोण बघणार? आणि तूच फुकट बघणार होय गं?"

सून ऐकत होती. बुरुलचाने खिसे चाचपले. कोळशाचा तुकडा, मळका रुमाल… आणि मणी. तिने तो म्हातारीच्या हातावर ठेवला.

"कोणाचा?"

"माझ्या कुत्र्याचा."

"मग झकास," असं म्हणून आपांनी कापड ओढलं.

तायगान होता. राखाडी, देखणा. बुरुलचाला बरं वाटलं. तिने फळी मांडली आणि डोळ्यांपासून सुरुवात केली. हात भराभर चालू लागला. कुत्रा हलत नव्हता. कान फडफडवत नव्हता, जीभ बाहेर काढत नव्हता. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की त्याची छातीही हलत नव्हती… मग वाटलं, धुक्याच्या उजेडात आपल्यालाच दिसत नसेल. कान रंगवायला घेतले तेव्हा तिने डाव्या कानाचं टोक तुटलेलं काढलं. सवयीने चुकलं म्हणून ती पुसायला गेली आणि तिने वर पाहिलं. टोक तुटलेलंच होतं.

तिच्या डोक्यात काही शिरेना. सगळे राखाडी तायगान सारखेच दिसतात. कान काय, कोणाचाही तुटतो.

आपा उठून चित्रावर वाकल्या आणि टाळी वाजवून हसल्या. "हुबेहूब! मिशा बघ कशा फेंदारल्यात. माझी मनी गं ती!"

"आपा… हा तर कुत्रा आहे."

"कुत्रा म्हणे! चल, चावट कुठली."

म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू असणार, असं मनाशी म्हणत बुरुलचा पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आली. ओसरीत सायकाल चूल पेटवत होती. तिने मान वर केली नाही.

"सायकाल, तुमचा कुत्रा फार शांत आहे गं."

"कोणता कुत्रा, एजे?" थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तिने विचारलं.

"आत बसलाय तो. आपा त्याला मांजर म्हणतायत."

सायकालच्या हातातलं लाकूड खाली पडलं. "थंडीच्या तोंडाशी दारात काहीतरी येऊन बसलं होतं, असं आपा म्हणतात," ती कुजबुजली. "पाहुणा आलाय, कोरुमदुक देऊ म्हणाल्या, आणि हाताला लागली ती मनीच्या गळ्यातली घंटा दिली. संध्याकाळी मनी मेली. मीच पुरली तिला. तेव्हापासून आपा तिथे मनीला कुरवाळत बसतात…"

"आणि तुला काय दिसतं?"

"मी अजून काही दिलेलं नाही, एजे. कापड काढलं की मला तिथे नुसतं जाजम दिसतं… तसंच दिसू दे."

बुरुलचा धावतच आत गेली. "आपा, माझा मणी द्या. दुसरं काहीही घ्या, हा कोट घ्या, पण तो मणी द्या!"

"दिलेलं कोरुमदुक परत मागतेस? जनाची नाही, मनाची तरी ठेव," म्हातारी म्हणाली. "आणि माझ्याकडे कुठाय? ज्याचं त्याला दिलं."

कोपऱ्यातल्या जाजमावर पांढरं कापड तेवढं पडलं होतं.

परतीच्या गाडीत ती स्वतःशीच भांडत होती. म्हातारी भ्रमिष्ट, सून भित्री, आणि आपण त्यांच्या नादी लागणारी त्यांच्याहून शहाणी! तरी शुमकारला हाक मारून तो शेपूट हलवीपर्यंत तिच्या जिवात जीव येणार नव्हता.

फाटकातच माकिश उभी होती. डोळे पुसत होती.

"बुरुलचा, मी त्याला हाकच मारत होते गं. दुपारी मान टाकली त्याने. गोठ्यात ठेवलाय, चादर घातलीये. तुला शेवटचं बघायचं असेल…"

बुरुलचाने तिच्या खांद्यावरून पाहिलं. पायरीवर शुमकार बसला होता. ताठ, शांत, तिच्याकडे बघत. गळ्यातल्या पट्ट्यात मणी होता, नव्या दोऱ्यात ओवलेला.

तिला रडू आलं. आनंदाचं की भीतीचं, तिचं तिलाच कळेना. तो हलत नव्हता, पण नजर त्याचीच होती. ती नजर तिला कशी चुकणार?

"माकिश, तो बघ ना… पायरीवर."

"कोण गं? पायरी रिकामी आहे."

आपल्याला वेड लागलं की काय? आणखी एकाने, फक्त एकाने म्हणायला हवं होतं, की हो, आहे इथे, तुझा शुमकार आहे. सायकालचं बोलणं तिला आठवत होतं. शब्दन्‌शब्द आठवत होतं. तरी तिच्या तोंडून निघून गेलं.

"कोरुमदुक दे त्याला. काहीही दे… मग दिसेल."

माकिशला तिची दया आली. दुःखाने बाई बावचळली, हिच्या मनासारखं करावं, म्हणून तिने झग्याच्या खिशात हात घातला. खिशात एकच वस्तू होती. नातवाचा लाल हातमोजा, सकाळी अंगणात सापडलेला.

"हा चालेल?" माकिशने विचारलं.

पायरीवर शुमकारने पहिल्यांदाच शेपूट हलवली. बुरुलचाने माकिशचा हात अडवला नाही.