चेकर आणि चष्मेवाली

"तुमचा पास तेवीस तारखेलाच संपलाय," चेकर म्हणाला, आणि अख्ख्या बसने माना वळवल्या.

त्या दिवशी पंचवीस तारीख होती. ती खिडकीपाशी बसली होती, ओली छत्री पायांशी धरून. चढताना तिने दारातल्या यंत्राला रीतसर कार्ड टेकवलं होतं, हिरवा दिवाही लागला होता. पास तर तिने स्वतःच काढला होता, महिनाभराचा.

"मग दारातला दिवा हिरवा कसा लागला?"

"दारातल्या यंत्रांचं काही सांगू नका, बाई." त्याने हातातलं मशीन पुन्हा नाकाजवळ नेलं. "हे बघा... तेवीस."

तिने पाहिलं. पडद्यावर स्वच्छ अठ्ठावीस होते. मग तिने मशीनऐवजी त्याच्याकडे पाहिलं – बारीक केलेले डोळे, भुवयांमधली आठी. इंग्रजी आठाची डावी बाजू पुसट झाली की त्याचा तीन होतो, हे ती रोज पाहत असे. तिच्या आत्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि तिथे गिऱ्हाइकांचे डोळे ती स्वतः तपासायची.

भांडायला हीच वेळ होती. पण दुकानात वावरून तिला एक सवय लागली होती: दिसत नाही, हे माणसाला चारचौघांत सांगायचं नाही.

"तो आठ आहे," ती हळूच म्हणाली. "जरा लांबून बघा... नाहीतर माझ्यावर विश्वास ठेवा."

त्याचे कान लाल झाले. कार्ड परत देताना त्याने "सॉरी" म्हटलं, तेही इतकं हळू की तिला ते त्याच्या ओठांवरून कळलं. उतरताना तिने दुकानाचा पत्ता छापलेली चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली.

"डोळे तपासून घ्या."

"माझे डोळे उत्तम आहेत."

"दिसायला आहेतच," ती म्हणाली आणि उतरली. असं कसं बोलून गेले, हा विचार तिला रस्ता ओलांडताना आला.

तो दुकानात आला नाही. बसमध्ये मात्र दर दोन दिवसांनी यायला लागला. साडेनऊच्या त्याच बसमध्ये, आणि तिचं कार्ड तपासायला सगळ्यांत शेवटी.

"किती तारीख दिसतेय?" ती विचारायची.

"तुमची तारीख मला पाठ झालीय."

"आणि बाकीच्यांची?"

"बाकीच्यांच्या चेहऱ्यावर दिसते. पास संपलेला माणूस खिडकीबाहेर फार मन लावून बघतो."

"मीही बाहेरच बघते की."

"तुम्ही काचेतून मला बघता."

हे खरं होतं. तिने कार्ड जवळजवळ हिसकावून घेतलं.

आत्याला सगळा प्रकार ठाऊक झालाच. "सुट्टीच्या दिवशी कसली गं बस पकडतेस?" ती गल्ल्यावरून म्हणायची. "आणि तो चेकर असा कसा, की डोळ्यांचं दुकान माहीत असून डोळे घेऊन येत नाही?"

तो आला एका दुपारी, गणवेशाशिवाय. आत्याने काही न विचारता आतल्या खोलीकडे बोट केलं.

खोली अंधारी, दोन खुर्च्यांपुरती. त्याने हनुवटी टेकवली. यंत्राच्या पलीकडून ती वाकली. दोघांमध्ये वीतभर अंतर. त्याचा श्वास अडलेला तिला ऐकू आला.

"श्वास घ्या. डोळ्यांना चालतो."

तो हसला नाही. "मी का येत नव्हतो, सांगू?" म्हणाला. "बाबा बस चालवायचे. अडतिसाव्या वर्षी त्यांना कडेचं दिसेनासं झालं. कुणाला बोलले नाहीत... मग एकदा वळणावर सायकलवाला दिसलाच नाही. तो वाचला. पण बाबांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. आता त्यांना माझा आवाज तेवढा ओळखू येतो."

तिने भिंगं बदलली. अक्षरं वाचून घेतली. जवळचा नंबर होता, साधा, चष्म्याने जाणारा. तेवढंच सांगितलं असतं, तर तो शीळ घालत बाहेर पडला असता.

"धूसर दिसतंय ते चष्म्याने जाईल," ती म्हणाली. "पण बाबांचं जे आहे, ते मला इथून कळत नाही. मी डॉक्टर नाही. मोठ्या हॉस्पिटलात दाखवावं लागेल."

"नाही दाखवलं तर?"

"तर मी त्या बसने येणार नाही. बघत बसणं मला जमणार नाही."

त्याने यंत्रावरची हनुवटी उचलली. मग म्हणाला, "बरोबर याल?"

हॉस्पिटलात अख्खी सकाळ गेली. त्याच्या डोळ्यांत थेंब घातले, बुबुळं मोठी केली, निरनिराळ्या यंत्रांपुढे बसवलं. ती बाकावर त्याची बॅग मांडीवर घेऊन बसली. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचबिंदूची सुरुवात आहे, उजव्या डोळ्यात. गेलेलं परत येत नाही, पण गेलंय फार थोडं. रोज थेंब, आयुष्यभर. दर काही महिन्यांनी तपासणी. "वेळेवर आलात," एवढं बोलून त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

बाहेर ऊन होतं. औषधाने त्याला जवळचं काहीच दिसत नव्हतं. कामावर नसताना त्याचा फुकट पास चालत नसे, आणि त्याच्या साध्या कार्डात दमडी उरली नव्हती. थांब्यावरच्या रिचार्जच्या यंत्रापुढे दोघं उभी राहिली. त्याने डोळे मिचकावले, मग कार्ड तिच्या हातात दिलं.

"वाचून दाखवा."

तिने कार्ड खाचेत सरकवलं. त्याने खिशातून काढलेली नोट आत गेली. "रक्कम जमा झाली," तिने वाचलं. "पावती हवी आहे का?"

"नको."

"आणखी काही हवं आहे का?"

मागे रांग लागली होती. तिने वळून पाहिलं. तो तिच्याच दिशेने बघत होता – चेहरा धूसर दिसत असणार, तरीही.

"हे यंत्र विचारतंय, की तू?"

तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला होता. तिला वाटलं, हसण्यावारी न्यावं.

"यंत्राने विचारलं होतं," ती म्हणाली. "आता... मी विचारतेय."

"तू हवी आहेस. थेंबांसकट, बाबांसकट जमणार असेल तर. नाही म्हणालीस तरी मी थेंब घालीन, त्याची काळजी नको."

मागून कुणीतरी खाकरलं. एक बाई पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, "अहो, होतंय का तुमचं?"

तिने त्याचं कोपर धरलं, त्याला एक पाऊल बाजूला घेतलं.

"तुम्ही घ्या करून, मावशी," ती म्हणाली. "आम्हाला वेळ लागेल."