जिताड्याचा उपास

केरूबाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी रोह्याच्या कॉलेजातला एक तरुण पेणला त्यांच्या तळ्याकाठी आला. हातात काचेची बरणी. केरूबाबांची मुलगी दिशा जिताडा साफ करत बसली होती.

“पोट मिळेल?” त्याने विचारलं.

“काय?”

“माशाचं. जिताडा काय खातो, त्याचा अभ्यास करतोय. मी प्रणित.”

“लोक तुकडी मागतात, तुम्ही आतडी मागता!” दिशा हसली... आणि ओढणी सावरताना गालाला खवले लागले. तो बघत राहिला.

बाबा खाडीत पागाचं जाळं टाकून परतले होते. बादलीतली कोळंबी तळ्यात ओतत म्हणाले, “दे गो त्याला. चा पन दे. उपाशी नको धाडू.”

पहाटे बाबा झोपेतच गेले.

तेराव्यानंतर दिशाने बाजारातून बारीक मासळी आणून तळ्यात टाकली. बाबांनी तिथे पाळलेल्या लाडक्या जिताड्याने तिला तोंड लावलं नाही. सहा दिवस. दिशाला आतून बरंच वाटलं — आपल्याएवढं कुणीतरी दुखावलंय.

प्रणित अधूनमधून बरण्या भरायला येई. तिने त्याला सांगितलं, “बाबांसाठी झुरतोय तो.”

तो जरा घुटमळला. “रागावू नका... जिताडा हलतं तेच धरतो. मेलेला मासा त्याच्या लेखी नसतोच. तळ्यातलं किडूकमिडूक खाऊन राहिला असेल. बाबा जिवंत आणायचे ना?”

दिशाचे डोळे भरले. “तुम्हाला नुसतं पोटातलंच कळतं!”

“मनातलं कुणी बरणीत देत नाही.”

रडता रडता ती हसली.

त्याने मेलेल्या कोळंबीला दोरा बांधून तिच्या हातात दिला. “हलकेच ओढा... थांबा... पुन्हा.” तिचं मनगट त्याने दोन बोटांनी सावरलं, आणि चटकन हात मागे घेतला. तेवढ्यात पाणी फुटलं — धप्प! दोघंही भिजली.

“खाल्लं! खाल्लं त्याने!”

“जमलं तुम्हाला.” त्याने बरणीचं झाकण लावलं. “माझे नमुनेही पुरे झाले. आता इकडे यायला कारण नाही.”

तो गाडीकडे निघाला. दिशा दोरा बोटाला गुंडाळत राहिली. तुम्ही मला किती हवे आहात, हे बाबांना तिने कधी तोंडावर सांगितलं नव्हतं. कळतंच की, असं वाटायचं. कळलं होतं का, हे आता कुणाला विचारणार?

गाडी सुरू झाली.

“प्रणित, थांब!” पहिल्यांदाच ती त्याला अरेतुरे करत होती. “कारण कशाला लागतं? मला... मला तू हवा आहेस.”